हाताला चव नाही

प्रिय योगिनी,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी माझाच आवाज चढेल. म्हणून लिहितेय. सातवीनंतर एवढं सलग आजच लिहितेय, तेव्हा अक्षराकडे बघू नकोस.

दर्शन परवा बोटीवरून उतरल्यावर घरी टेकला होता. म्हणाला, मिरजोळ्याच्या तुमच्या भाड्याच्या खोलीत तू हल्ली आमटी ढवळता ढवळता दहादा त्याच्या तोंडाशी चमचा धरतेस आणि चव आहे का विचारतेस. कारखान्यातल्या माणसांना डबे द्यायचं ठरवलं होतंस, तेही सोडलंस. लेकाने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

गौरी-गणपती झाल्यावर वाडीतल्या बायका आपल्याकडे जेवायला बसल्या होत्या, तो दिवस तुला वेगळा सांगायला नको. तुझं बांगड्याचं तिखलं होतं. मी पहिला घास घेतला आणि बारा जणींपुढे म्हणाले, "हिच्या हाताला चव नाय." शेजारच्या धोंडूबाईने नंतर ताट चाटूनपुसून खाल्लं, पण माझ्यापुढे ती काय बोलणार? कल्ला उघडून नाकाशी धरला की मासा कालचा की आजचा ते सांगणारी मी. बंदरावर जुन्याजाणत्या बायकाही मला विचारून मासा घेतात.

तर ते नाक गेलंय. श्रावणात ताप आला होता ना, तेव्हापासून. गेल्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवलं. वास परत येईल, कदाचित येणारही नाही, म्हणाले. घरी येऊन मी डोळे मिटले आणि तुझ्या सासऱ्यांना सांगितलं, आंबापोळी नि फणसपोळी आळीपाळीने तोंडात द्या. दोन्ही नुसत्या गोड! एक जराशी आंबट, एवढाच फरक. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू कळतं, मिरची झोंबते, तिरफळाने झिणझिण होते. पण आंब्याचा आंबा होतो तो नाकात. चावताना घासाचा वास घशाच्या मागून नाकात चढतो म्हणे, आणि आपण समजतो जीभच सगळं सांगतेय. जन्मभर हाताची चव, हाताची चव करत आले. नाकाने कांदे सोलत होते, आणि नाकच नव्हतं. हसू आलं तर हस.

इथवर वाचून तुला वाटेल, बिचारीला त्या दिवशी ठाऊक नसेल. तसंच वाटू द्यावं, असं माझ्याही मनात आलं होतं. पण योगिनी, मला ठाऊक होतं. चार दिवस आधी गॅसवर दूध करपलं, धोंडूबाई तिच्या घरातून धावत आली आणि मी तिथंच लसूण सोलत बसलेली. मग उदबत्ती अगदी नाकाला लावून बघितली. काही नाही. कुणाला बोलले नाही. मासेवालीचं नाक गेलं म्हटल्यावर माझ्या टोपलीशी कोण थांबणार? त्या दिवशी सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आता काय सांगते म्हणून. मला भीती वाटली, आणि मी ते तुझ्या हातावर ढकललं. तू मान खाली घालून आत गेलीस, तर मी वर मीठ मागून घेतलं. मीठ बरोबर होतं गो. तेवढं तर मला कळत होतं. त्या मिठाची मला फार लाज वाटते.

येत्या रविवारी त्याच बारा जणींना जेवायला बोलावलंय. वर लिहिलं ते सगळं त्यांना माझ्या तोंडाने सांगणार आहे. तिखलं मी करणार, तू स्वयंपाकघरात फिरकायचं नाहीस. मीठ आणि तिरफळाची झिणझिण मी बघेन, बाकीचं मला कळायचं नाही. म्हणून पहिला घास तू घे आणि चव आहे की नाही, ते सगळ्यांसमोर सांग. नसेल तर नाही म्हण. मी म्हटलं होतं, तेवढ्याच मोठ्याने.

तुझीच,
सासू मनिषा