कुऱ्हाड हातात असली की झालं

१ जून, रविवार
इथे दक्षिण गोलार्धात हिवाळा सुरू. सासूबाई (मर्ल, वय अठ्ठ्याहत्तर) काल आल्या. महिनाभर राहून बघणार. बायकोने, रोवीनाने, बजावलंय की सकाळी घर गारठलेलं असलं तर आई सरळ हॉबर्टच्या वृद्धाश्रमात जाईल, आणि मग माझ्याशी गाठ आहे. ती स्वतः पहाटे पाचलाच बेकरीत कामाला जाते. म्हणजे वुडहीटर (घर तापवणारी लाकडाची शेगडी) माझ्याकडे.
संकल्प: रोज सहाला उठून टोपलीभर ढलप्या फोडणे. त्यात काय एवढं! सगळं मनगटात असतं.

३ जून, सकाळी ७.४०
बाहेर बर्फ पडल्यासारखं दव. ढलप्या सात. त्यातली एक क्रिकेटच्या बॅटएवढी. घरात अकरा डिग्री. सासूबाई लोकरी टोपी घालून टोस्ट खात होत्या. हे वाईट.

४ जून
दोष कुऱ्हाडीचा. बोथट, गंजकी. आणि भिंतीवर कै. सासरेबुवांची शर्यतीची कुऱ्हाड नुसती टांगलेली! तिच्यावर त्यांनी लाकूडतोडीचे अकरा कप जिंकले. घरात असं हत्यार असताना मी मूर्खासारखा घाम गाळतोय.

५ जून
पहिला घाव: लोणी.
दुसरा घाव: गाठ. पात्याचा नखाएवढा टवका उडाला. ही कुऱ्हाड सरळ, बिनगाठीच्या ओंडक्यासाठी असते. वाळक्या निलगिरीवर घालू नये, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. घातल्यावर आठवलं.
पातं भिंतीकडे करून परत टांगली. कुणाच्या बापाला कळणार नाही.

८ जून
साडेसातला उठलो (पाठ). घरात एकवीस डिग्री! टोपली भरलेली. म्हणजे परवाच्या ढलप्या पुरल्या. मी रात्री हीटरची हवेची झडप बंद करतो, त्याचा हा परिणाम. सहाला उठायची गरज नाही.

१७ जून
आठला उठलो. बावीस डिग्री. शेजारच्या डार्सीला झडपेचं तंत्र समजावलं. त्याला फार खोकला येत होता. सासूबाईंचे गाल लाल झालेत. ऊब मानवलेली दिसते. स्वेटरवर मात्र भुसा. वय झालं की माणसं कपडे झटकत नाहीत.

३० जून, सकाळी ६.१०
टकटक आवाजाने जाग आली. शेडमध्ये सासूबाई. गंजक्या कुऱ्हाडीने, एकसारख्या, बोटाएवढ्या ढलप्या. मला बघून थांबल्यासुद्धा नाहीत.
म्हणाल्या, "ये जावईबापू, झडप नीट बंद केलीस ना रात्री?"
मग म्हणाल्या की रेज (सासरेबुवा) शर्यतीत कप जिंकायचा, पण घरी त्याने एक काटकी मोडली नाही. चाळीस वर्षं त्याच फोडत होत्या. आणि तो पातं कायम लोकांना दिसेल असं टांगायचा, त्यामुळे पाच तारखेलाच त्यांना कळलं.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विचारलं, मग वृद्धाश्रम?
"मी कुठली जातेय! मी गेले तर तुम्ही दोघं गारठून मराल."

७.३०
रोवीनाला फोन केला. आनंदाने रडली. सासूबाई राहिल्या त्या शेवटी माझ्यामुळेच.
उद्यापासून माझ्याकडे फक्त राख काढायचं काम. राखेचंही एक शास्त्र असतं.