गालिच्यावर आपटलेले राजदूत

दादा,

की अर्थसचिवसाहेब म्हणू? माझ्या निलंबनावर सही तुझीच आहे.

कर्ज देणाऱ्या संस्थेची माणसं येणार म्हणून तूच फर्मावलंस, "सभागृह जरा गरीब दिसू दे." मी नव्या खुर्च्या तळघरात टाकल्या, जुन्या वर आणल्या, गालिचा गुंडाळला. तेवढ्यात परराष्ट्र खात्याचा फोन आला, "आपण काय भीक मागतोय? गालिचा घाला!" घातला. खुर्च्या बदलायला वेळच उरला नाही. आणि त्या संस्थेत ज्यांच्या मतावर आपलं कर्ज अडलं होतं, ते शेजारच्या देशाचे राजदूत नेमके मोडक्या खुर्चीवर बसले आणि धाडकन खाली आले.

मी उठवायला धावले. ते पोट धरून हसत होते. तुझ्या मंत्र्यांना वाटलं, आपल्या गरिबीला हसतायत. झालं! आपला निषेध, मग त्यांचा निषेध, बोलणी बंद. औषधांची जहाजं पैशांवाचून बंदराबाहेर उभी, आणि बळीचा बकरा मी.

त्याच दिवशी जेवताना तुला सांगायला गेले, तर ताट सरकवून म्हणालास, "तुला त्यातलं काय कळतं?" आई म्हणाली, "त्याचं डोकं फिरलंय, गप्प बस." बसले. काल त्यांच्या सरकारने राजदूतांना परत बोलावलं. आता सांगून काय उपयोग? हे पत्र फाडणारच आहे.

त्या खुर्चीवरून पडल्यावर उठता उठता राजदूत मला म्हणाले होते, "ही कर्जवाली मंडळी आली की आम्हीही अशाच खुर्च्या काढतो. घाबरू नका, माझं मत तुम्हालाच."

तुझी,
घरी बसवलेली धाकटी बहीण