पंधरावं मूल

हाजी साबिरभाऊंना धाकट्या चुलतभावाचा, फव्वाजचा, सलाम. तुमचे गुडघे अल्लाच्या कृपेनं वाकत असतील, वहिनींचा खोकला बसला असेल आणि नातीची खुशाली तिच्या आजोळहून, इर्बिदहून, येत असेल. माझं म्हणाल तर डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे आणि उजवा दिवसभर नातवामागं पळतो.

सरकारनं लहान मुलांसाठी कायदा केला आहे आणि तो चांगला आहे. (मी पाचवीच शिकलो, पण वर्तमानपत्रातला तो मजकूर भिंग लावून दोनदा वाचला.) कामगारांची पाच वर्षांखालची पंधरा मुलं झाली की मालकानं कारखान्यात पाळणाघर काढायचं. तुमची सून सुमय्या आणि माझी लेक रुदैना ज्या शिलाई कारखान्यात शेजारी बसतात, तिथं रुदैना आमच्या लैसचं नाव सांगायला गेली. मुकादम नदीम मोठा गोड माणूस. म्हणाला, "बाई, चौदा झालीत, तुझा पंधरावा. आता पाळणाघर काढायचं की एक बाई कमी करायची, मालक काय ते स्वस्तातलं बघतील." कायद्यानं माझ्या नातवाला एवढी किंमत दिली, की तो लपवावा लागला. जावई सौदीत ट्रक चालवतो, त्याचे पैसे आले तर आले. घर चालतं ते रुदैनाच्या मशीनवर. तिनं सांगून टाकलं की मूल गावी असतं. (मूल तेव्हा माझ्या मांडीवर बसून माझा चष्मा चघळत होतं.)

तेव्हापासून पाळणाघर मीच. परवा दुधात साखर म्हणून मीठ घातलं, ते त्यानं माझ्याच अंगावर परत केलं. काल तो जिन्याच्या तोंडापर्यंत रांगत गेला, आणि मी धावत जाऊन पोटाशी धरली ती उशी निघाली. त्याला वरच्या मजल्यावरच्या बाईनं उचललं, आणि मलाही चार शब्द सुनावले.

गुरुवारी त्याला कोटात घालून भट्टीवर रोट्या आणायला गेलो. रांगेत पुढं ओळखीचे अबू मुनीर, त्यांचाही कोट फुगलेला. मी विचारलं, कोण? म्हणाले, शेजाऱ्यांची. मी म्हणालो, माझाही शेजाऱ्यांचाच. पण दोन्ही पोरांच्या अंगात कारखान्यातल्या एकाच निळ्या पट्ट्यांच्या चिंध्यांचं झबलं. अबू मुनीर कानाशी आले. "कुठं बोलू नकोस, ही पंधरावी आहे."

"मग हा कोण?"

मागची म्हातारी शाल सावरत म्हणाली, "हळू बोला रे मेल्यांनो. पंधराव्याचा आत्ता कुठं डोळा लागलाय."

भट्टीवाला हसला. आम्ही हसलो नाही. या हिशोबानं आमच्या झर्का शहरात चौदावं मूल कुणाचंच नाही.

रुदैनाला म्हटलं, सगळ्याजणी मिळून सांगा. ती म्हणाली, "बाबा, सगळ्याजणी सांगतील खरं, पण पहिली कोण?" तेवढ्यात लैसनं पुन्हा माझा चष्मा पळवला.

वहिनींना सलाम सांगा.

तुमचा फव्वाज

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. रविवारी डोळा कापायचा आहे. डॉक्टर म्हणतात, ही तारीख चुकवलीस तर डोळा गेला समज. नंतर आठ दिवस वाकायचं नाही, उचलायचं नाही. तेवढे दिवस लैसला सांभाळाल का? तुमची नात आजोळी, घर मोकळंच आहे.

आणखी ता. क. पाकीट चिकटवताना आठवलं. ईदला आलो तेव्हा तुमच्या गच्चीतल्या दोरीवर निळ्या पट्ट्यांचं इवलंसं काहीतरी वाळत होतं, आणि वहिनींनी ते फडकं आहे म्हणत घाईनं काढलं. मी डोळ्याला दोष दिला होता. तसं असेल तर लैसचं राहू द्या, वहिनींना दोन पंधरावे झेपायचे नाहीत. डोळ्याचं काय, पुढं बघू.