दुसरं ताट

सरळगाव,
२६ नोव्हेंबर २००१

ज्ञानूदादास अनिताचा नमस्कार.

भाऊबीजेची साडी शेजारच्या सुनिलने आणून दिली. रंग छान आहे, पण साडीला ओवाळता येत नाही. भातसानगरच्या क्वार्टरमध्ये वहिनी आणि तू बरे असाल. इथे भात झोडून झालं, पेंढा रचायचा राहिलाय.

आबांपुढे मी हात टेकले आहेत. गेल्या सोमवारी खळ्यावरच चक्कर येऊन पडले, काळपट उलटी झाली. मुरबाडच्या दवाखान्यात चार दिवस ठेवलं. पोटात जखम होऊन रक्त गेलंय. आता घरी आणलंय, घाबरू नकोस.

डॉक्टरांनी मला विचारलं, हे जेवतात कधी? मी म्हटलं, तीनला. ताट मात्र एक वाजताच वाढलेलं असतं. तर ते माझ्यावरच चिडले. म्हणाले, घास तोंडात जायच्या आधीच जठर आंबट, जहाल रस सोडायला लागतं. अन्न दिसलं, वास आला, नुसती रोजची वेळ झाली तरी डोक्याकडून पोटाला निरोप जातो. जेवण पडलं की तो रस त्याच्या कामाला लागतो, आणि अन्न खाली आतड्यात उतरलं की तिथून बस झालं असा उलटा निरोप येतो. आतून बुळबुळीत अस्तर असतं म्हणून पोट वाचतं. आबा बाराला गुडघ्याची गोळी घेणार, तीही उपाशी. त्या गोळीने ते अस्तरच झिजतं. मग वालाच्या बिरड्याचा वास घेत दोन तास बसायचं! आता पुन्हा रक्त गेलं तर भरवसा नाही म्हणाले.

का बसतात, ते तुला सांगायलाच हवं.

जूनमध्ये बिरड्यात मीठ कमी म्हणून आबांनी वहिनीसमोर ताट ढकललं, आणि या घरात पुन्हा जेवणार नाही म्हणून तू निघालास. आबा दोन दिवस उपाशी राहिले. शेवटी मीच थाप मारली, दादाचा निरोप आलाय, एकपर्यंत जेवायला येतो. ते उठले, अंघोळ केली, पाटावर बसले, तीनपर्यंत तुझी वाट बघून जेवले. तेव्हापासून रोज तुझं ताट मांडते आणि रोज म्हणते, आज येईल.

दवाखान्यात रडत रडत खरं सांगितलं. तर आबा म्हणतात, "मला पयल्याच दिशी कललं गो. पर तू दोन ताटं मांडतेस, तुलाच आस हाय असं वाटलं. तुझं मन कशाला मोडू?"

आता अशा माणसाला काय म्हणावं? आणि मला तरी? खरं कळूनही ते अजून तुझी वाट बघत थांबतातच.

दादा, आबांना चुकलं म्हणता येत नाही आणि तुला वाकता येत नाही. यायचं नसेल तर तसं दोन ओळींत लिही. मी वाचून दाखवेन आणि ते वेळेवर जेवतील. यायचं असेल तर रविवारी ये. काही बोलू नकोस, नुसता जेव. मीठ मी बघते.

ताट आता बाराला वाढते.

तुझ्या नावाने रोज खोटं बोललेली,
अनिता