तीन रिकामे चौकोन

मी, श्रीनाथ दत्तोपंत टिपणीस, वय वर्षे बावन्न, अविवाहित, धंदा साप्ताहिक काढणे व लोकांना कोड्यात टाकणे, राहणार बाजारपेठेमागे, भिवंडी, जिल्हा ठाणे, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो, ते येणेप्रमाणे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. वाचकांचे मत वेगळे असू शकेल. येत्या सोमवारी ठाण्यात माझे पोट उघडणार आहेत, म्हणून ही घाई.

१. माझे साप्ताहिक ‘धोटा’. मागावर इकडून तिकडे नुसता पळत असतो तो धोटा. मीही तसाच, आत्ता हे लिहितानाही तीनदा उठून दारापर्यंत जाऊन आलो. साप्ताहिक, छपाईच्या खिळ्यांचे खण आणि ‘आडवे-उभे’ हे गूढकोड्याचे सदर मी राहनाळच्या लडकू म्हात्रे यांस देतो. ते अकरा वर्षे माझे खिळे जुळवणारे जुळारी आहेत आणि माझ्या शुद्धलेखनाच्या चुका त्यांनी कधी बाहेर सांगितल्या नाहीत.

लडकूंसाठी सूचना: गूढकोड्याच्या सूत्राला दोन तोंडे असतात. एक अर्थ दाखवायचा, दुसरा लपवायचा. ‘नदी उलटी वाहिली की गरीब (२)’, उत्तर दीन. ‘भिवंडीत चालतो, पोलीस काढतात (२)’, उत्तर माग. हे दुसरे तुम्हीच पहिल्यांदा सोडवलेत आणि म्हणालात, “सर, आमच्या गावात लूम चालतान नि पोलिसांना कायपण सापडत न्हाय.” ते उत्तर माझ्यापेक्षा चांगले होते. सदर चालवायला तेवढे पुरे.

२. शब्दकोश, चार. वाचनालयास. ‘जोडाक्षर एका चौकोनात की दोन?’ म्हणून दर आठवड्याला भांडायला येणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकांना ते हाताळू द्यावेत, घरी नेऊ देऊ नयेत. जोडाक्षर एकाच चौकोनात. हे माझे अखेरचे मत समजावे.

३. माझी छत्री. ती माझी नाहीच. ज्याची असेल त्याने न्यावी.

४. राहते घर. वडिलांनी ते माझ्या एकट्याच्या नावे केले होते. ते माझी धाकटी बहीण शुभदा, हल्ली वज्रेश्वरी, हिने एक महिन्याच्या आत येथे येऊन राहावे या अटीवर

(खोडले आहे. अट घालणारा मी कोण? श्री. टि.)

४. राहते घर विकून

(हेही खोडले. श्री. टि.)

४. सुधीर वकील समोर बसले आहेत. म्हणतात, “श्रीनाथराव, मृत्युपत्र आहे, अग्रलेख नाही. एकदाच काय ते लिहा.” तर लिहितो.

१९८६ साली मी शाळेच्या कचेरीतील नोकरी सोडून ‘धोटा’ काढला, आणि माईला, म्हणजे आमच्या आईला, सांगितले नाही. सहा आठवडे रोज साडेदहाला डबा घेऊन निघायचो, छापखान्यात बसायचो, साडेपाचला दमल्याचे तोंड करून परतायचो. दिवाळीला शुभदा माहेरी आली. बसमधून उतरताना तिने मला भरदुपारी छापखान्याच्या पायरीवर डबा खाताना पाहिले आणि माईला सांगितले. माई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी ‘धोटा’चा अंक निघाला. त्यातल्या कोड्यात ‘तीन आडवे’चे सूत्र असे होते:

‘आईजवळ हेर बसला, की लेकीला विसावा (३)’.

मा म्हणजे आई, पुढे हेर. माहेर. शुभदाने ते चहा पिताना सोडवले. तिला कोडी मीच शिकवली होती. कप खाली ठेवून म्हणाली, “दादा, हे माझ्यावर आहे?”

मी म्हणालो, “कोडं आहे, शुभदे. ज्याला लागलं त्याला सुटलं.”

भाऊबीज दुसऱ्या दिवशी होती. ती थांबली नाही. पुढच्या अंकात उकल देताना मी तेच वाक्य छापले. तेव्हा ते मला फार झकास वाटले होते. माझी पत्रे न फोडता परत आली. एक्क्याण्णव साली माई गेली, तेव्हा शुभदा थेट स्मशानाच्या फाटकाशी आली आणि तिथूनच परत गेली. या घराचा उंबरा तिने ओलांडला नाही.

मात्र दर मंगळवारी वज्रेश्वरीचा शिक्का असलेले एक पोस्टकार्ड येते. नाव नाही. कोड्याचे कात्रण चिकटवलेले, सगळी उत्तरे बरोबर. श ची गाठ माझ्यासारखी. मीच गिरवून घेतली होती. दोनदा मी मुद्दाम माहेर हा शब्द पुन्हा घातला, गोड सूत्र देऊन. दोन्ही वेळा बाकी कोडे पूर्ण, आणि ते तीन चौकोन कोरे. लडकू कार्ड बघून म्हणाले, “सर, ताईंना उत्तर येतंय. त्या देत न्हाय.”

अकरा वर्षे मी सर्वांना सांगत आलो की ती निव्वळ शब्दांची कोटी होती. ते खोटे आहे. ते सूत्र तिच्यावरच होते, रागाने लिहिलेले. आणि उकल चुकीची छापली, ती येथे दुरुस्त करतो. माईजवळ सहा आठवडे वेष पालटून, डब्यात भाजी-पोळीबरोबर थापही घेऊन वावरणारा मीच होतो. हेर मी. तिने फक्त ओळखला.

सबब राहते घर, अंगणासह, विनाअट शुभदाला. तिने राहावे, भाड्याने द्यावे, कुलूप लावावे. मी सोमवारनंतर असलो तरी किल्ली आजपासून तिची. किल्लीचा एक जोड आणि या पानाची नक्कल लडकू उद्याच्या बसने वज्रेश्वरीला नेतील. शुभदा, ये. या सूत्राला दुसरे तोंड नाही.

५. या कलमाखाली तीन चौकोन आखून कोरे सोडले आहेत. सुधीर वकिलांची सक्त हरकत आहे: “दस्तऐवजात रिकामी जागा ठेवू नये, कुणीही काहीही लिहील.”

कुणीही नाही. एकच बाई लिहील. मंगळवारपर्यंत वाट पाहावी, त्यानंतरही पाहावी.

☐ ☐ ☐

हे मी स्वतः लिहिले, स्वतः खोडले, आणि दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

ठिकाण: भिवंडी
दिनांक: १३ नोव्हेंबर १९९७

(सही) श्रीनाथ दत्तोपंत टिपणीस

साक्षीदार:
१. (सही) सुधीर जयवंत, वकील. चौकोनांबाबत हरकत नोंदवून.
२. (सही) गोदूबाई भोईर, शेजारीण. शुभदाला फ्रॉकात असल्यापासून ओळखते.