शितल राठोडचा प्रशिक्षक कोण?

३ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
वस्तुस्थिती क्रमाने नोंदवतो. एक : काल शितल राठोड हिने राज्य स्पर्धेत दहा हजार मीटरचे सुवर्णपदक जिंकले. वेळ ३७ मिनिटे ४३ सेकंद. दोन : ती आमच्या महाविद्यालयाची विद्यार्थिनी. तीन : शारीरिक शिक्षणात डॉक्टरेट असलेला तालुक्यातील एकमेव मनुष्य मी. चार : वर्तमानपत्रात माझे नाव नाही. पाच : फेब्रुवारीत सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर दहा किलोमीटरची चाचणी घेऊन मीच तिला संघातून वगळले होते. तिची वेळ ४१.३०, माझा निकष ३८. त्यानंतर त्याच वाटेवर ती एकटीच पळत राहिली, असे कळते. पाचवा मुद्दा गौण आहे.

५ नोव्हेंबर
स्टाफरूममध्ये पेढे. अर्धाच घेतला. साखर जास्त. घरी पत्नी मोहिनीने विचारले, काढून टाकलेल्या पोरीचा पेढा घशाखाली उतरला कसा.

९ नोव्हेंबर
जिल्हा पुरस्काराचा अर्ज पाहिला. त्यात 'प्रशिक्षकाचे नाव' असा रकाना आहे. तिथे माझे नाव येणे शास्त्राच्या दृष्टीने अपरिहार्य. मुदत तीस तारीख. उद्या शितलच्या घरी, तांड्यावर जाणे.

१० नोव्हेंबर
शितल पुण्याला शिबिरात. तिची आई रूपाबाई दारात कपडे धूत होती. म्हणाली, "बसा सर. तुमी काहून आले एवढ्या उन्हात?" मी बोलणार, तोच धुण्याच्या दगडाकडे लक्ष गेले. वरची बाजू गोल. पिवळ्या रंगाचे अवशेष. कालव्यावरचा किलोमीटरचा दगड! कधी आणला, विचारले. "लई वर्सं झाले. शितल पोटात होती तवा. गुळगुळीत हाय, बराबर बसते."
भाषण न करता परतलो.

१२ नोव्हेंबर
दगडांवरचे आकडे पुसलेले, म्हणून फेब्रुवारीत मी दगड मोजले होते. दहा दगड, दहा किलोमीटर. आज पन्नास मीटरची टेप दोनशेवीस वेळा टाकली. दुसरे टोक मोहिनीकडे. अंतर : अकरा किलोमीटर. मोहिनी म्हणाली, म्हणजे पोरगी पास होती, नापास तुम्ही झालात. कंबर धरली आहे.

१३ नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. मी आखलेल्या मार्गावर ती आठ महिने दहा समजून अकरा किलोमीटर पळाली. शास्त्रात याला वाढीव भार म्हणतात. ही पद्धत माझी. सबब प्रशिक्षक मीच. मोहिनीला वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली.

१४ नोव्हेंबर
शितलला फोन. बारा मिनिटे बोललो. तिने मध्ये एकदाही तोडले नाही. मग म्हणाली, "पण सर, दगड तर मायनं हलवला. अर्जात तिचंच नाव टाकते." खूप हसली. हसू थांबल्यावर म्हणाली, "चाचणीच्या दिवशी मी कडेला बसून उलट्या करून राहिले होते सर, अन् तुमी रुमालानं घड्याळ पुसून राहिले होते."
घड्याळावर धूळ होती.

१७ नोव्हेंबर
पत्राचा पाचवा मसुदा. पहिले चार प्रत्येकी सहा पानांचे, तळटिपांसह. फाडले. उरले ते असे :
चि. शितल, चाचणीत तू उत्तीर्ण होतीस. मोजणी चुकली. मोजणारा मी. तरीही प्रशिक्षकाच्या रकान्यात तू कोणाचे नाव लिहिलेस, ते सात दिवसांच्या आत कळवावे. उत्तर लेखीच हवे. फोनवर तू हसतेस.