खरवडलेला तळ

३ मार्च १९५२, बीदर
आलो एकदाचा! गावाबाहेर, जवळच्या कोळार खेड्याच्या वाटेवर यीस्टचा हा नवा कारखाना, आवारातच दोन खोल्या, आणि अन्नपूर्णा लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःच्या चुलीपुढे. काय तिचा आनंद! माझे काम सोपे. उसाच्या मळीच्या आंबलेल्या रसातून यीस्टच्या पेशी वेगळ्या करायला केवढे सेंट्रिफ्यूज, म्हणजे रस गरगर फिरवून पेशी तळाशी बसवणारे यंत्र, लागेल, ते काढायचे. पेशी पाच मायक्रॉनची. हातयंत्रात नळी फिरवायची, पेशी किती वेळात खाली बसतात ते पाहायचे, गणित मांडायचे. पंधरा तारखेला यंत्राचा आकडा हैदराबादेच्या कचेरीला गेला की नोकरी पक्की. नाही गेला, तर चंबूगबाळे आवरायचे.

५ मार्च
टाकीच्या तळाशी जुन्या यीस्टचा बोटभर थर, आणि त्यावरच नवा रस ओततात! असल्या गाळाने माझा नमुना नासणार नाही तर काय? तळ खरवडून, चुन्याने धुऊन घेतला. टाक्या धुणाऱ्या नागम्मा आडव्या आल्या. "तळ कामून खरवडायलाव, साहेब? त्याला बसायला जागा लागती. न्हाई मिळाली तर ते दुसरीकडं बसतंय." आता मी शास्त्र यांच्याकडून शिकायचे!

८ मार्च
पेशी अडीच मायक्रॉन. आकार निम्मा, म्हणजे बसायला चौपट वेळ, म्हणजे यंत्र चौपट. तीनदा मोजले. मिस्त्री चनमल्लप्पा म्हणतात, सूक्ष्मदर्शकाचे भिंग पुसा. भिंग पुसले. पुन्हा अडीच. डोके फोडून घ्यावेसे वाटते.

११ मार्च
सव्वा मायक्रॉन. यंत्र सोळापट. एवढे धूड आणायचे कुठून? फिरवून फिरवून हाताला फोड आले. आणि नळी थांबवली की बसलेला थर पुन्हा वर चढतो, माझ्या देखत. चिडून रस काचनळीने तोंडाने ओढला, तर घोटभर घशाखाली गेला.

१३ मार्च
रस नितळ. टाकीत एक पेशी नाही. नळीत नाही. मग गेल्या कुठे? नागम्मांना विचारले. त्या माझ्या पोटाकडे पाहून मागे सरल्या.
दुपारी मळीच्या पिंपात हात घालून चाटत होतो. मीच. किती वेळ, ठाऊक नाही.

१४ मार्च
अंग तापले आहे. पोटात बुडबुडे— टाकीत उठतात तसेच. अन्नपूर्णेला सांगितले नाही. उद्या आकडा. कसला आकडा—

१५ मार्च
ताट अर्धे टाकून प्रयोगशाळेत आलो. थुंकीचा थेंब भिंगाखाली धरला. त्याच पेशी. हजारो. टम्म फुगलेल्या—
गणित मांडले. यांना माझ्यातून काढायचे तर मिनिटाला दहा हजार फेरे. त्या वेगाला काच टिकत नाही. मग हाडे—
अन्नपूर्णा! माझे ताट तसेच आहे. आणि ती रोज माझ्या उष्ट्या ताटातच जेवते—
खिडकीतून समोर आमची खोली दिसते आहे. तिने पाट ओढला. मला उठवत नाही. हाक मारतो आहे, तोंडातून नुसता फेस—
तिने घास उच—